एक मोहीम, दोन युद्धे आणि 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'

व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ साली प्रदर्शित झाला. सोलापूरच्या एका ध्येयवेड्या डॉक्टरची चरित्रकथा म्हणून तो सर्वांच्या स्मरणात आहे. मात्र हा चित्रपट आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या चिमटीतून कसा बाहेर आला, ही हकिकत पडद्यावरील कथेइतकीच विलक्षण आहे.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. परराष्ट्र धोरण ठरविण्याचा अधिकार नसलेल्या पारतंत्र्यातील देशाने घेतलेला हा स्वतंत्र परराष्ट्रीय निर्णय होता! त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. पथकाचे नेतृत्व डॉ. अटल यांच्याकडे होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी यांच्यासह सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यात होते. इतर चौघे यथावकाश परतले. कोटणीस मात्र चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निधन पावले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या जीवनावर पुस्तक लिहिले; पटकथा त्यांनी व व्ही. पी. साठे यांनी रचली. पण चित्रपट काढायचा कसा? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म दुर्मिळ होती, तिचे वाटप सरकारच्या हाती होते आणि युद्धप्रयत्नांना पोषक चित्रपट काढावेत, असा सरकारचा आग्रह असे. कोटणीसांची कथा येथे अचूक बसली. डिसेंबर १९४१ नंतर जपान हा ब्रिटनचाही शत्रू झाला होता आणि चीन मित्रराष्ट्रांत गणला जात होता. जपान्यांविरुद्ध चीनला साहाय्य करणाऱ्या डॉक्टरवरील चित्रपटाला सरकार कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? मात्र हा डॉक्टर धाडला होता काँग्रेसने, आणि त्याच काँग्रेसचे नेते ऑगस्ट १९४२ पासून तुरुंगात होते. युद्धप्रयत्नांच्या नावाखाली राष्ट्रीय चळवळीचा गौरव करण्याची ही चतुराई शांताराम आणि अब्बास यांना साधली, हे मान्य करावेच लागेल.

चित्रपट पडद्यावर येईपर्यंत मात्र जगाचा नकाशाच पालटला. जपान ऑगस्ट १९४५ मध्ये शरण आला. चीनकडे निघालेल्या पथकाच्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबू दरम्यान जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सेनेचे नेतृत्व करून गेले होते आणि लाल किल्ल्यातील खटल्यांमुळे त्या सेनेविषयी देशभर ममत्वाची लाट उसळली होती. अशा प्रेक्षकासमोर जपानी सैनिक खलनायक म्हणून उभे राहिले. एकाच ध्येयाने निघालेल्या माणसांना युद्धाने परस्परविरुद्ध गोटांत कसे नेऊन सोडले, हा खरा नाट्यविषय होता. चित्रपट त्याला स्पर्श करीत नाही. ब्रिटिश राजवटीत तो करूही शकला नसता.

कलाकृती म्हणूनही त्यात उणिवा आहेत. शांताराम स्वतः कोटणीस झाले, जयश्री छिंगलान झाल्या आणि बाबूराव पेंढारकर चिनी सेनापती. हिंदी बोलणारा हा चीन आज काहीसा नाटकी वाटतो. त्याहून खटकतो तो शेवट. चित्रपटातील डॉक्टर प्लेगवर उपाय शोधतात आणि त्याच रोगाला बळी पडतात. वास्तवात त्यांचा अंत अपस्माराने झाला. आजार अंगी असताना, अपुऱ्या साधनांनिशी शस्त्रक्रिया करीत राहिलेल्या माणसाचा तो मृत्यू प्लेगहून अधिक चटका लावणारा आहे. तरी पटकथेने जुळवून आणलेले हौतात्म्य पत्करले.

पुढे १९६२ चे युद्ध झाले. चेतन आनंद यांचा 'हकीकत' १९६४ मध्ये आला, तेव्हा लडाखच्या बर्फात चिनी सैनिक शत्रू म्हणून उभे होते. अवघ्या अठरा वर्षांत हिंदी पडद्यावरचा चीन असा पालटला. कोटणीसांचे नाव मात्र दोन्ही देशांच्या औपचारिक व्यवहारात टिकून राहिले. चीनचे अध्यक्ष हु जिंताओ २००६ मध्ये मुंबईत आले असता त्यांनी कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेतली. डॉक्टरांच्या मुलाचे नाव होते यिन्हुआ, अर्थात भारत आणि चीन. वडील गेले तेव्हा तो चार महिन्यांचाही नव्हता. १९६७ मध्ये, पंचविशीतच, तोही गेला. छिंगलान यांचे निधन २०१२ मध्ये चीनमध्ये झाले.