शंभर पानांतली उमेद

एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर व्रतकथा, पाककृती आणि राशिभविष्याच्या शेजारी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक चळत वाढतच गेली: सकारात्मक विचारांची पातळ पुस्तकं. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, नाहीतर शिखरावर हात पसरून उभा माणूस. शे-दीडशे रुपयांत आयुष्य बदलणार म्हटल्यावर घासाघीस कोण करणार?

या घराण्याचा मूळपुरुष मात्र चांगला जाडजूड होता. सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली आलं. लीड्समध्ये रात्री जमून शिकणाऱ्या कामकरी तरुणांपुढे त्याने केलेल्या भाषणांतून ते उभं राहिलं. त्यात उपदेश आहेच, पण त्याहून जास्त माणसं आहेत. बर्नार्ड पालिसी हा फ्रेंच कुंभार पांढऱ्या झिलईच्या ध्यासाने भट्टी धगधगत ठेवतो. सरपण संपतं. मग बागेचं कुंपण जातं, टेबलखुर्च्या जातात, शेवटी घरातल्या फळ्यासुद्धा. बायकोमुलं ‘याला वेड लागलं’ म्हणत गावभर धावत सुटतात. मला पालिसीपेक्षा त्या बाईचीच दया येते; पण यशाला काय मोजावं लागतं, हे स्माइल्स लपवत नाही.

१९०३ साली जेम्स ॲलनचं ‘ॲज अ मॅन थिंकेथ’ आलं. तासाभरात संपतं. त्यात माणसं गेली, नुसते विचार उरले. ॲलन १९१२ मध्ये वारला, त्यामुळे पुस्तकावर आता कोणाचा हक्क नाही. ज्याला वाटेल त्याने छापावं. म्हणजे आपण देतो ते कागद-छपाईचे पैसे. त्या भावात ठीक आहे.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कचे पाद्री नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी चांगली वाक्यं मनात घोळवायला शिकवलं. १९९८ मध्ये स्पेन्सर जॉन्सनच्या ‘हू मूव्ह्ड माय चीज?’मध्ये दोन उंदीर आणि दोन चिमुकली माणसं आली. चीज संपलं? रडू नका, नवं शोधा. अमेरिकी कंपन्यांनी हे पुस्तक गठ्ठ्यांनी घेऊन नोकरवर्गात वाटलं. चीज हलवलं कोणी, हा प्रश्न शीर्षकात विचारायचा आणि आत शिताफीने टाळायचा, ही कसबाची गोष्ट. नोकरी जाणाऱ्याला ते फुकट मिळालं तरी महागच. २००६ च्या ‘द सीक्रेट’मध्ये तर कष्टांची जागा मागण्याने घेतली.

घोकंपट्टीचा उपयोग किती, हे २००९ साली जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी कॅनडात तपासलं. मुळात स्वतःला कमी लेखणाऱ्यांनी स्वतःविषयी गोड वाक्य म्हटलं, तर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. थोडंफार बरं वाटलं ते आधीच आत्मविश्वास असलेल्यांना. असं पुस्तक खचलेला माणूसच बहुधा विकत घेतो, ही यातली खरी पंचाईत.

पुस्तकाने काहीच होत नाही, असंही नाही. डेव्हिड बर्न्सचं ‘फीलिंग गुड’ (१९८०) वही-पेन घेऊन बसायला लावतं: मनात आलेला विचार एका रकान्यात, त्यातली खोट दुसऱ्यात, उत्तर तिसऱ्यात. सौम्य-मध्यम नैराश्यात ते वाचून फायदा होतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. मराठीत त्याच वाटेवर डॉ. आनंद नाडकर्णींचं ‘स्वभाव-विभाव’ आहे. ही पुस्तकं प्रवासात संपत नाहीत आणि वाचून लगेच उत्साहही चढत नाही. पैसे टाकायचेच तर मी यांवर टाकीन. ॲलन तर इंग्रजीत नेटवर फुकट मिळतो.