लहान कारखान्याची नोकर-नियमावली : सुरुवात कोठून करावी?

धंदा लहान असतो तोवर मालकाला नियमांची गरज भासत नाही. सकाळी कुलूप तोच उघडतो, कोण आले कोण नाही हे त्याला हजेरीबुकाशिवाय कळते, आणि कोणाच्या घरी काय अडचण आहे हेही ठाऊक असते. रजा, उचल, पगारवाढ यांचे सारे नियम त्याच्या तोंडी असतात. पाच-सहा माणसांत हे चालते. माणसे बारा-चौदा झाली की हाच तोंडी कारभार डोईजड होऊ लागतो.

उदाहरणादाखल एमआयडीसीतील फॅब्रिकेशनचे एक वर्कशॉप घेऊ. माणसे चौदा : चार वेल्डर, तीन फिटर, पाच हेल्पर, एक ड्रायव्हर आणि ऑफिस सांभाळणारी एक बाई. एका वेल्डरला बहिणीच्या लग्नासाठी पाच दिवसांची भरपगारी रजा मिळाली. पुढच्याच महिन्यात एका हेल्परची आई आजारी पडली, तो तीन दिवस गावी गेला आणि त्याचे तीन खाडे कापले गेले. मालकाजवळ कारण आहे. वेल्डर आठ वर्षांचा जुना, हेल्पर सहा महिन्यांचा. पण हे कारण मालकाच्या मनात आहे. हेल्परला एवढेच दिसते की त्याला एक न्याय आणि आपल्याला दुसरा. हात बसलेला हेल्पर मग सणाला गावी जातो आणि परततो तो शेजारच्या गाळ्यात. मालक म्हणतो, आजकाल माणसे टिकत नाहीत.

नियमावली लागते ती अशा वेळी. ती मोठ्या कंपन्यांच्या छापील पुस्तिकेची नक्कल असता कामा नये. आमच्या पाहण्यात असे कागद येतात, ज्यांत चौदा माणसांच्या वर्कशॉपसाठी ‘विभागप्रमुखांची पूर्वसंमती’ लिहिलेली असते. तेथे विभाग नाहीत, मग प्रमुख कोठून येणार? असा कागद कपाटात जातो तो जातोच.

सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. गेल्या वर्षभरात कामगारांनी काय काय मागितले, आपण काय उत्तर दिले आणि कोठे कुरबूर झाली, हे आठवेल तसे लिहून काढावे. दोन संध्याकाळी पुरतात. बहुतेक ठिकाणी तेच पाच-सहा विषय पुन्हा पुन्हा येतात : रजा, उचल, जादा वेळेचे पैसे, उशिरा येणे, सणाचा बोनस, आणि काम सोडताना हिशेब. पहिली नियमावली एवढ्याच विषयांची असावी. एकाच प्रश्नाला दोन माणसांना दोन उत्तरे दिलेली आढळली, तर त्या जागी खूण करावी. नियम प्रथम तेथेच हवा.

दहा आणि वीस

आता कायद्याकडे वळू. पूर्वीच्या २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता आल्या आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. लहान कारखानदाराने त्यातले दोन आकडे ध्यानात ठेवावेत : दहा आणि वीस.

दहा माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. १ जुलै २०१९ पासून त्यात मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. ग्रॅच्युइटीचे दायित्वही दहापासूनच सुरू होते : पाच वर्षे नोकरी झालेल्यास दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, आणि ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला आता एका वर्षानंतरही. कामाच्या जागी स्त्रियांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने दहा माणसांपासून अंतर्गत समिती नेमावी लागते. आपल्या उदाहरणात बाई एकच असली तरी माणसे चौदा आहेत, म्हणून समिती हवीच.

वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी आणि कायद्याचा किमान ८.३३ टक्के बोनस येतो. काही मालक एकोणीसवर थांबून विसावा माणूस भावाच्या नावावर दाखवतात. जागा एक, यंत्रे एक, हिशेबनीस एक, आणि कागदावर दोन धंदे! तपासणीत हे टिकत नाही, आणि मागची सारी थकबाकी व्याजासह भरावी लागते.

काही गोष्टींना मात्र संख्येची अट नाही. किमान वेतन आता सर्वांना लागू आहे. नेमणूकपत्रही आता कायद्यानेच द्यावयाचे आहे, आणि ते सर्वांनाच द्यावे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची माणसे कोकणातून आखातात नोकरीला गेलेली आहेत. करारात पगार एक आणि हातात पडला दुसरा, हा अनुभव त्यांना नवा नाही. तेथे ज्या कागदासाठी आपण भांडतो, तो आपल्या कारखान्यातल्या हेल्परला द्यायला हात का आखडावा? एक पान पुरते : नाव, काम, पगार व त्याची फोड, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रुजू झाल्याची तारीख. आधार कार्डाची किंवा दाखल्याची मूळ प्रत मात्र ठेवून घेऊ नये. पाहून परत द्यावी.

उरले ते मालकानेच ठरवायचे आहे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात आस्थापनेच्या शर्ती लिहून प्रमाणित करून घेण्याची सक्ती होती, पण ती मोठ्या कारखान्यांना. नव्या संहितेत ही मर्यादा ३०० कामगारांवर गेली आहे. म्हणजे चौदा माणसांच्या वर्कशॉपला तयार नियम कोणी आणून देणार नाही.

उचल

सर्वात जास्त भांडणे ज्यावरून होतात, त्या उचलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो. लहान कारखान्यात उचल म्हणजे कामगाराची बँकच. आजारपण, मुलीचे लग्न, गावचे घर, शाळेची फी, सारे यातूनच भागते. मालकालाही ती सोयीची वाटते, कारण उचल घेतलेला माणूस लगेच सोडून जात नाही. गोची येथेच आहे. उचल फिटेपर्यंत जाता येणार नाही असे मालकाने धरले, तर तो १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. कर्ज वसूल करण्याचा हक्क मालकाला आहे, माणूस अडवून ठेवण्याचा नाही.

म्हणून उचलीचा नियम आधी लिहावा. जास्तीत जास्त किती? आमच्या मते दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक नको. त्यापुढची रक्कम मालकाला द्यायचीच असेल तर खाजगी मदत म्हणून द्यावी आणि पगाराशी जोडू नये. नोकरीत किती महिने झाल्यावर? एक उचल फिटण्याआधी दुसरी मिळेल का? दरमहा कापायचे किती? वेतन संहितेप्रमाणे सर्व प्रकारच्या कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. पण निम्मा पगार कापला तर माणूस त्याच महिन्यात पुन्हा हात पसरतो. पाचवा किंवा सहावा हिस्सा कापणे व्यवहाराला धरून होईल. प्रत्येक उचल वहीत तारखेसह लिहावी, कामगाराची सही घ्यावी आणि किती फिटली, किती उरली हे दर महिन्याच्या पगारचिठ्ठीवर दाखवावे. मृत्यू किंवा मोठा अपघात झाल्यास राहिलेली उचल माफ होणार का, हेही आधीच ठरवावे. दुःखाच्या घरी हिशेबाची वही घेऊन जाण्याची पाळी कोणावर येऊ नये.

दंडाबाबत असाच गोंधळ दिसतो. दहा मिनिटे उशीर झाला की अर्धा रोज कापला, ही अनेक गाळ्यांची रीत आहे. कायदा याला मोकळीक देत नाही. गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच हवी. दंड करायचा तर त्या मुदतीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच, आणि कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच.

रजा आणि सण

नव्या संहितेनुसार वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. कारखाना कायद्यात ही अट २४० दिवसांची होती. दुकान किंवा ऑफिस असेल तर महाराष्ट्राचा २०१७ चा वेगळा कायदा आहे, तोही पाहावा. आठवड्याची सुट्टी आज आपण गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मिळाली, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सणांचा प्रश्न आपल्याकडे नाजूक. एकाच वर्कशॉपमध्ये ईद मानणारे, गणपतीला गावी जाणारे आणि छठपूजेसाठी बिहारला निघणारे असतात. सर्वांना एकदम सोडता येत नाही. वर्षाच्या सुरुवातीला सर्वांच्या सणांच्या ठरलेल्या सुट्ट्या भिंतीवर लावाव्यात आणि त्याशिवाय दोन-तीन सुट्ट्या ज्याच्या त्याच्या पसंतीच्या ठेवाव्यात. बोनस ज्याच्या त्याच्या मोठ्या सणाआधी द्यावा, मात्र सर्वांचा हिशेब एकाच सूत्राने करावा. शुक्रवारच्या नमाजची सुट्टी आणि रमजानमधील बदललेली वेळ तोंडी चालत असेल तर तीही लिहावी. मंगळवारी लवकर जाऊ मागणाऱ्याला मग तशीच सवलत कोणत्या अटीवर, तेही ठरते.

रजा द्यायची कोणी? मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी भरती आणि बदलीचे काम जॉबरच्या हाती असे. काम मिळवायला आणि टिकवायला त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९३५ मध्ये गिरणीमालकांनीच बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली, ती या मनमानीला आळा घालण्यासाठी. आपल्या वर्कशॉपमध्ये जॉबर नसतो, पण मालकाचा मेहुणा असतो. मालक बाहेरगावी असता सही कोणाची चालेल आणि त्या माणसाविरुद्धच तक्रार असेल तर कोणाकडे जायचे, ही दोन नावे कागदावर असलीच पाहिजेत. मेहुण्यालाही तेच खाडे, तीच रजा. हे जमत नसेल तर त्याला भागीदार करावे, हजेरीपटावर ठेवू नये.

काम सोडणाऱ्याचा हिशेब पूर्वी महिनोन्‌महिने लोंबकळत असे. वेतन संहितेने त्याला दोन कामाच्या दिवसांची मुदत घातली आहे. पगारचिठ्ठी, रजेची शिल्लक आणि उचलीची वही नीट असेल तर हे अवघड नाही. वही नसेल तर दोन महिनेही पुरणार नाहीत.

कच्चा मसुदा तयार झाला की सही करण्याआधी तो कामगारांपुढे वाचावा, त्यांना समजेल त्या भाषेत. मराठी, हिंदी, जी असेल ती. शंका विचारू द्याव्यात. ‘शेठ, मग मागच्या महिन्याच्या माझ्या तीन खाड्यांचे काय?’ असे हेल्पर विचारील, आणि त्याचे उत्तर आधी ठरवून जावे. आमच्या मते नियम पुढच्या तारखेपासून लागू करावा, पण ते तीन दिवस भरून द्यावेत. तीन रोजांचा खर्च नवा हेल्पर शिकवण्यापेक्षा खचित कमी आहे. मग तारीख घालून दोन प्रती काढाव्यात, एक हजेरीबुकाजवळ आणि एक भिंतीवर, आणि सहा महिन्यांनी पहिली वही पुन्हा उघडून नवीन कुरबुरी कोणत्या ते पाहावे.