बंगळूरचा हरवलेला किल्ला

बंगळूरच्या आग्नेयेस होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव पडलेली एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखल्या गेलेल्या या वसाहतीतील रहिवाशाला आपण एका किल्ल्याच्या शहरात राहतो असे क्वचितच वाटत असेल. तथापि या परिसराचा इतिहास जुना आहे. जवळच्याच बेगूर गावी नागेश्वर मंदिरात सापडलेल्या, इ. स. ८९० च्या सुमाराच्या वीरगळावर ‘बेंगळूरच्या लढाई’चा उल्लेख आढळतो. गावाचे नाव एवढे प्राचीन असले, तरी त्याला किल्ला लाभला तो बऱ्याच उशिरा.

विजयनगरचा मांडलिक असलेल्या पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये येथे मातीचा तट उभारला. तटाभोवती खंदक होता आणि आत व्यवसायांनुसार पेठा वसविल्या होत्या. तांदळाची अक्कीपेट, बांगड्यांची बळेपेट ही नावे आजही प्रचारात आहेत. कालांतराने या पेठेच्या दक्षिणेस स्वतंत्र किल्ला आकारास आला. व्यापाऱ्यांची पेठ आणि सैन्याचा कोट अशी ही जोडरचना होती.

१६३८ मध्ये विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांना जहागीर म्हणून मिळाले. शहाजीराजांच्या येथील दरबारात पंडितांना आश्रय होता. जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात त्या दरबाराचे चित्र आले आहे. शहाजीराजांनंतर जहागीर व्यंकोजीकडे आली. परंतु तंजावरचे राज्य हाती आल्यावर त्याला बंगळूर सांभाळणे जड होऊ लागले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने ते घेतले आणि ३ लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारकडे सोपविले. अशा रीतीने जवळजवळ अर्धशतकाची मराठी सत्ता येथे संपली.

पुढे हैदरअलीने १७६१ च्या सुमारास दक्षिणेचा कोट दगडात बांधून काढला. लंबवर्तुळाकार तट, बुरूज आणि खोल खंदक यांमुळे तो दुर्जय मानला जाई. परंतु तोफांपुढे दगडही टिकत नाही, हे लवकरच सिद्ध झाले. ७ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने पेठ घेतली. नंतर तोफांनी तटाला खिंडार पाडून २१ मार्चच्या रात्री किल्ल्यात प्रवेश केला. किल्लेदार बहादूरखान लढताना मारला गेला.

तरीही किल्ला नाहीसा झाला तो या पराभवाने नव्हे, तर त्यानंतर आलेल्या शांततेने. १७९९ मध्ये टिपूचा अंत झाला आणि १८०९ मध्ये इंग्रजांनी आपली छावणी शहराच्या ईशान्येस वसविली. शत्रूच उरला नाही, तेव्हा तट ही वाढत्या शहराच्या वाटेतील अडचण ठरली. खंदक बुजले, भिंती पाडल्या गेल्या, आणि किल्ल्याच्या परिसरात रस्ते, शाळा, इस्पितळे व बाजार उभे राहिले. व्हिक्टोरिया इस्पितळ १९०० मध्ये, तर कृष्णराजेंद्र मार्केट १९२० नंतरच्या दशकात अस्तित्वात आले.

आज त्या मार्केटजवळ दिल्ली दरवाजा आणि तटाचा लहानसा भाग तेवढा शिल्लक आहे. पूर्वीच्या किल्ल्याच्या हद्दीतच टिपूचा लाकडी महाल व कोटे वेंकटरमण मंदिर आहे. पेठेची वेस केव्हाच गेली. पण ‘हलसूर गेट’ हे नाव मागे राहिले. २०१२ मध्ये मार्केटपाशी मेट्रोसाठी खोदकाम चालू असता जमिनीतून दोन जुन्या तोफा निघाल्या. किल्ला नष्ट झाला म्हणजे त्याचा अवशेष अजिबात उरला नाही असे नव्हे. तो रस्त्यांच्या वळणांत, पेठांच्या नावांत आणि पायाखालच्या मातीत विखुरला आहे. मात्र शहर खोलवर खणले जात असताना हा शेवटचा ठेवा ओळखणारी नजर तेथे असेल की नाही, यावरच त्याचे पुढील भवितव्य अवलंबून आहे.