झडप बदलल्यावर ठोके बिघडले तर

रोवणीच्या आधी बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, "भावजयीची झडप बदलायची आहे, नागपूरला. शेजारचे काका बायपासपासून कोलेस्टेरॉलची गोळी घेतात. तीच आधीपासून दिली तर ठोके बिघडत नाहीत म्हणतात. देऊ का?" गोळ्यांची पट्टी त्यांनी पदरात बांधूनच आणली होती.

आपल्याकडे तरुण बाईची झडप खराब होते ती बहुतेक वेळा लहानपणच्या घसादुखीतून. घसा सुजतो, मग ताप येतो, सांधे दुखतात. ते सगळं बरं होतं, पण झडपेवर व्रण राहतो. पुढं कित्येक वर्षांनी, पुष्कळदा गरोदरपणात, दम लागायला लागतो.

झडपेच्या ऑपरेशननंतर पहिल्या चार-पाच दिवसांत अनेकांचे ठोके वेडेवाकडे पडतात. हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो. तिथं रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर लकवा मारतो. म्हणून ताईंची काळजी खरीच होती.

काकांच्या गोळीला स्टॅटिन म्हणतात. जपानच्या अकिरा एंडो यांना असं पहिलं औषध 1970 च्या दशकात एका बुरशीत सापडलं, आणि ती बुरशी होती तांदळावरची! आपल्या धानाच्या जिल्ह्यात हे सांगायला मजा वाटते. कोलेस्टेरॉल कमी करण्यात ही गोळी पक्की. ती सूजही कमी करते, म्हणून ऑपरेशननंतरचे ठोकेही सांभाळेल, असं डॉक्टरांना वाटलं. छोट्या अभ्यासांत तसं दिसलंही. मग चीनमध्ये हृदयाच्या ऑपरेशनच्या 1922 रुग्णांवर मोठी तपासणी झाली. त्यात बहुतेक बायपासचे होते, काही झडपेचे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. 2016 मध्ये निकाल छापून आला: ठोके बिघडले ते खरी गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या 21 जणांचे, दुसऱ्यांत 20 जणांचे. फायदा शून्य. उलट गोळी घेणाऱ्यांत मूत्रपिंडाला त्रास झालेले जास्त निघाले.

तेव्हा ठोक्यांसाठी म्हणून ही गोळी उसनी घेऊ नका. मात्र कोणाला ती कोलेस्टेरॉलसाठी किंवा बायपासनंतर डॉक्टरांनीच दिली असेल, तर आमचं ऐकून बंदही करू नका. गरोदर असाल किंवा दिवस जायची शक्यता असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

भावजयीला खरी जपायची ती रक्त पातळ करणारी गोळी. धातूची झडप बसवली तर ती जन्मभर. रोज एकाच वेळी घ्यायची, आणि रक्त किती पातळ झालं याची आयएनआर तपासणी चुकवायची नाही. पालेभाजी सोडायची नाही. फक्त एक दिवस टोपलंभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं नको. घसादुखीतून झडप गेली असेल तर पेनिसिलिनचं इंजेक्शनही, दर तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील तोवर. ऑपरेशन झालं म्हणजे इंजेक्शन संपलं, असं समजणाऱ्या बाया आम्हाला फार भेटतात.

छाती अचानक धडधडली, तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

ताईंनी पट्टी काकांना परत केली. भावजयीच्या चालू गोळ्यांची नावं मुलीकडून वहीत उतरवून घेतली. ती वही आता नागपूरच्या पिशवीत आहे.