हजेरी, पेटी आणि दोन टक्के

सोलापुरात सकाळी मजूर अड्ड्यावर गवंडी थापी-ओळंबा पिशवीत घालून उभे असतात, शेजारी बिगारी आणि डबा घेतलेल्या बायका. बोलणं मराठीत सुरू होतं, तेलुगूत वळतं, कन्नडमध्ये संपतं. ‘सीएसआर’ हा शब्द त्यात कुठेच येत नाही. पण कुठला ठेकेदार हजेरी बुडवतो, कुठल्या साइटवर प्यायला पाणी असतं, कुणी परांचीवरून पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. कंपनीची सामाजिक जबाबदारी, म्हणजेच सीएसआर, ही माणसं अशी मोजतात.

बांधकामाचा मोठा उद्योग या शहराला परका नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचाच. लक्ष्मणराव फाटकांच्या जोडीने रेल्वेचे ठेके घेत घेत ते १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीपर्यंत पोहोचले. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे हे या कंपनीचं सुरुवातीचं काम. तेव्हा सामाजिक खर्चाची सक्ती कुणावरच नव्हती.

ती आली १ एप्रिल २०१४ पासून, कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांतला एक जरी टप्पा गाठला तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चायचे. लहान बिल्डर या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतात. शिवाय नियमांत एक महत्त्वाची अट आहे: केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च या हिशेबात धरला जात नाही. अट रास्तच आहे. नाहीतर हेल्मेट आणि बूटसुद्धा समाजसेवेच्या खात्यात गेले असते. पण साइटवर उभ्या असलेल्या माणसाला तिचा अनुभव वेगळा येतो. कंपनीचा पैसा लांबच्या गावात पोहोचतो, आणि त्याचं पोर वाळूच्या ढिगावर खेळत राहतं.

कंपनीच्या अशा जबाबदारीचा तिथे काम करणाऱ्यांवर काय परिणाम होतो, यावर तुर्कस्तानातल्या अभ्यासक दुयगू तुर्कर यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. समाज, कर्मचारी आणि ग्राहक यांच्याबाबत कंपनी जबाबदारीने वागली, की तिथल्या नोकरदारांची तिच्याशी बांधिलकी वाढते, असं त्यात आढळलं. सरकारबाबतच्या जबाबदारीचा, म्हणजे कर भरणं आणि कायदा पाळणं यांचा, मात्र बांधिलकीशी संबंध दिसला नाही. हे तर करायलाच हवं, असं लोक धरून चालत असावेत.

आपल्याकडे स्लॅबवर हे चित्र उलटं होतं, असं या लेखाचं म्हणणं आहे. कायद्याने जे आधीच कबूल केलंय, तेवढं पदरात पडलं तरी मजुराला मालक मोठ्या मनाचा वाटतो.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसवला. त्यातून राज्याचं कल्याणकारी मंडळ मुलांना शिष्यवृत्ती देतं, बाळंतपणाला मदत करतं, सुरक्षेची साधनं देतं. ही साधनं हाती आली की वस्त्यांमध्ये सरळ ‘पेटी मिळाली’ म्हणतात. या सगळ्या मदतीसाठी नोंदणी लागते, आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्याने तो कुणाकडे मागायचा? मालकाने दिला नाही, तर ग्रामसेवकाकडे किंवा महापालिकेत खेपा घालायच्या, आणि प्रत्येक खेपेला त्या दिवसाची मजुरी बुडते.

पाळणाघराचंही तसंच. १९९६ च्या कायद्याने ५० हून अधिक बायका कामावर असतील तिथे ते बंधनकारक केलं होतं. पण लहान साइटवर इतक्या बायका नसतातच. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केली ती बांधकामावरच्या मुलांसाठीच. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ आणि ‘डोअर स्टेप स्कूल’ साइटवर जाऊन मुलांना सांभाळतात, शिकवतात. बिल्डरने एक खोली आणि पाणी दिलं, तरी असं काम उभं राहू शकतं. पाटी उचलणाऱ्या आईला ती खोली रोज समोर दिसते.

सोलापुरात कष्टकऱ्यांना सर्वांत मोठा आधार मिळाला तो मात्र कुठल्या कंपनीच्या २ टक्क्यांतून आला नाही. कुंभारीच्या रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांची वर्षानुवर्षांची चळवळ होती आणि पंतप्रधान आवास योजनेचं अनुदान. विडी कामगार, यंत्रमागावरचे, कचरा वेचणारे, फेरीवाले, चालक तिथे राहायला गेले. त्या भिंती ज्यांनी उभ्या केल्या, ते गवंडी-बिगारी स्लॅब संपल्यावर पुन्हा सकाळच्या अड्ड्यावर आले असतील. त्यांतल्या किती जणांच्या खिशात ९० दिवसांचा दाखला होता?