दुरुस्तीचं बटण दाबण्याआधी

सोयाबीनची आवक ऐन भरात होती आणि संध्याकाळी सातच्या सुमारास आडतीतले दिवे गेले. मराठवाड्यातल्या एका बाजार समितीच्या आवारातलं ते दुकान. तिथले हिशेब तेव्हा मी बघत असे. यूपीएसची बॅटरी बरेच दिवस आधीच बसली होती. पंधरा मिनिटांनी वीज आली, संगणक सुरू झाला, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही सुरू झालं. पण कंपनी निवडली की पडद्यावर एररची चौकट यायची आणि टॅली बंद पडायची. दिवाणजींनी फोनवर कुणाला तरी विचारलं आणि दुरुस्तीचा पर्याय दाबला. आधी बॅकअप घ्यायचा का, या प्रश्नाला घाईत 'नाही' असं उत्तर दिलं गेलं. कंपनी उघडली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मी बँकेचा ताळमेळ लावायला बसलो, तेव्हा रक्कम जुळेना. शोधता शोधता कळलं, की एकेचाळीस नोंदी नाहीशा झाल्या आहेत. त्यांत शेतकऱ्यांच्या पट्ट्या होत्या. म्हणजे माल दुकानात उतरवून गेलेल्या माणसाचं येणं आमच्या पुस्तकातून पुसलं गेलं होतं.

तेव्हापासून 'कंपनी उघडत नाहीये' असा फोन आला, की मी पहिलं वाक्य एकच बोलतो: कशालाही हात लावू नका, आधी फोल्डरची नक्कल करा.

यामागचं कारण समजायला टॅलीच्या पोटात थोडं डोकवावं लागतं. १९८६ मध्ये बंगळुरूत श्याम सुंदर गोएंका यांच्या व्यवसायाच्या हिशेबासाठी त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं. खात्यांचे आकडी कोड पाठ करायला लावणारी त्या वेळची सॉफ्टवेअरं वडिलांना नको होती. खात्याचं नाव जसं वहीत लिहितो तसंच लिहायचं, हा सोपेपणा तिथून आला आणि कीर्द-खतावणीत वाढलेल्या दिवाणजींना तो लगेच मानवला. पण पडद्यावर 'कंपनी' म्हणून जे एकच नाव दिसतं, ती एक फाइल नसते. तो नुसत्या आकडी क्रमांकाचा फोल्डर असतो आणि त्यात पुष्कळ फाइली असतात. कंपनीचं नाव-पत्ता-वर्ष यांची एक, खात्यांची एक, व्यवहारांची एक, शिवाय या सगळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या आणखी काही. टॅली ईआरपी ९ या जुन्या रूपाच्या काळात त्यांच्या नावापुढे ९०० हा आकडा असे, आताच्या टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत १८०० असतो.

हाताने लिहिताना कीर्दीत नोंद केली आणि खतावणीत उतरवायच्या आत कुणी हाक मारली, तर नोंद अर्धवट राहते, पण दोन्ही वह्या उघडतात. संगणकात तसं होत नाही. टॅलीत 'सेव्ह' असं वेगळं बटण नाही. व्हाउचर स्वीकारलं की ते त्याच क्षणी डिस्कवर लिहिलं जातं. वीज नेमकी त्या क्षणी गेली, तर व्यवहाराची फाइल पुढे गेलेली असते आणि तिला जोडणारी फाइल मागे राहते. पुढच्या वेळी टॅली दोघींची साक्ष तपासते, ती जुळत नाही आणि कंपनी उघडत नाही. बहुतेक नोंदी अशा वेळी जागच्या जागी शाबूत असतात, तुटलेला असतो तो दुवा.

दुरुस्तीचा पर्याय काय करतो? हाती लागेल तेवढं वाचतो आणि दुवे नव्याने बांधत सगळा साठा पुन्हा लिहून काढतो. म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव अजून 'रीराइट' असंच आहे. जी नोंद त्याला वाचता आली नाही, ती नव्या प्रतीत येत नाही. नक्कल आधीच बाजूला ठेवलेली असली तर जाणकार माणूस तिच्यावर पुन्हा प्रयत्न करू शकतो. आमच्या आडतीत ती नव्हती, त्यामुळे दुसरी संधीच उरली नाही.

आता दिलासा देणारी गोष्ट. 'कंपनी उघडत नाही' म्हणून आलेल्या तक्रारींपैकी कितीतरींत फाइल बिघडलेली नसतेच, टॅली तिला चुकीच्या जागी शोधत असते. म्हणून नेमकं काय दिसतंय हे आधी नीट विचारावं. कंपनीचं नाव यादीतच नाही, की नाव आहे पण निवडल्यावर एरर येते? या दोन तक्रारींचे रस्ते अगदी वेगळे.

नाव यादीत नसेल, तर जागा तपासायची. साठा कुठे आहे हे टॅली आपल्या 'टॅली डॉट आयएनआय' या छोट्या फाइलीत लिहून ठेवते. टॅली नव्याने टाकली, संगणक बदलला किंवा ती फाइल गेली, तर टॅली मुळातल्या ठरीव जागेकडे बघू लागते. प्राइमच्या बाबतीत ती सी ड्राइव्हवरच्या यूजर्स, मग पब्लिक, मग टॅलीप्राइम, मग डेटा अशी असते. आणि तुमचा साठा वर्षानुवर्षं डी ड्राइव्हवर बसलेला असतो. कंपनी निवडण्याच्या यादीतच दुसरा पाथ सांगण्याची सोय आहे; बरोबर जागा दाखवली की कंपनी हजर. दोन-तीन संगणकांच्या दुकानात तर साठा मालकाच्या संगणकावर असतो आणि तो संगणक नुसता झोपलेला असतो किंवा नेटवर्कची तार उंदराने कुरतडलेली असते. पेनड्राइव्हच्या शॉर्टकट व्हायरसने फोल्डर लपवून ठेवल्याची प्रकरणंही मी पाहिली आहेत. लपलेल्या फाइली दाखवण्याचा विंडोजमधला पर्याय चालू केला की तो क्रमांकाचा फोल्डर बहुधा फिकट रंगात तिथेच दिसतो.

नावाच्या जागी नुसते तारे दिसत असतील, तर कंपनीला टॅलीव्हॉल्टचं कुलूप आहे. हा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवण्याचा मार्ग नाही, कारण तो साठाच गुप्त लिपीत बदलून टाकतो. 'आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती तीन वर्षांचे हिशेब सोपवू नयेत. पासवर्ड कागदावर लिहून मालकाच्या तिजोरीत ठेवायचा असतो.

आवृत्तीचा घोळ मात्र वाढत चालला आहे. प्राइमची ३.० किंवा त्यापुढची आवृत्ती जुना साठा आपल्या पद्धतीत बदलून घेते. असा बदललेला साठा करसल्लागाराकडच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि दोन्हीकडे 'फाइल करप्ट झाली' अशी ओरड होते. अशा वेळी दुरुस्ती करणं म्हणजे निरोगी माणसाची शस्त्रक्रिया. दोन्हीकडे कोणती आवृत्ती आहे, एवढं फोनवर विचारलं तरी पुरतं.

नाव दिसतंय, जागा बरोबर आहे, आवृत्ती तीच आहे, तरीही एरर येते, तर मग फोल्डर उघडून बघावा. एखादी फाइल शून्य केबीची आहे का? शेवटच्या बदलाची तारीख काय सांगते? सगळ्याच फाइलींच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागलं असेल आणि शेजारी खंडणी मागणारी चिठ्ठी असेल, तर तो रॅन्समवेअरचा हल्ला आहे. नेटवर्कची तार ताबडतोब उपटा आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्या संगणकाला चुकूनही लावू नका, नाहीतर तोही जाईल. नक्कल करतानाच संगणक अडखळत असेल किंवा डिस्क टकटक आवाज करत असेल, तर दुखणं डिस्कचं आहे. ती जितकी जास्त चालवाल तितकी जास्त मरेल. संगणक बंद करून साठा काढणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावा.

यातलं काहीच नसेल, तर नक्कल दुसऱ्या संगणकावर, त्याच आवृत्तीच्या टॅलीत उघडून पाहायची. तिथे उघडली, तर दोष पहिल्या संगणकात आहे: अँटिव्हायरसने एखादी फाइल अडवून ठेवली असेल, फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नसेल, डिस्क भरली असेल. तिथेही उघडली नाही, तर दुरुस्ती करायची, पण नकलेवर.

कंपनी उघडली की काम संपलं असं वाटतं आणि घात तिथेच होतो. टॅलीत तेरीज जुळलेली दिसेल. अख्खं व्हाउचरच गायब असेल तर नावे-जमा दोन्ही बाजू सोबतच जातात आणि बेरीज निमूट जुळते. म्हणून ताळा बाहेरच्या कागदांशी घालावा लागतो. बँकेच्या पासबुकातली शिल्लक, गल्ल्यातली सिलक, शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि मधले सुटलेले क्रमांक, भरलेल्या जीएसटीआर-१ मधली विक्रीची रक्कम, जीएसटीआर-२बी मधली पुरवठादारांची बिलं. जीएसटी पोर्टलवरची ही माहिती आपल्या संगणकाच्या बाहेर असते, हे अशा वेळी मोठं भाग्य.

कायद्याच्या दृष्टीनेही हा साठा किरकोळ नाही. जीएसटीखाली त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, तर कंपनी कायद्याखाली आठ आर्थिक वर्षं हिशेब जपून ठेवावे लागतात. कंपन्यांना तर इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचं बंधन आहे. आडतीला किंवा किराणा दुकानाला ते लागू नसलं, तरी रात्री शटर ओढण्याआधी पाच मिनिटं काढून ते करावं असं मी हात जोडून सांगतो. त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलेला बॅकअप मी धरत नाही. आणि महिन्यातून एकदा तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडून बघावा. मूळ फोल्डरवर रिस्टोअर केला तर आजचा साठा पुसून कालचा बसेल.

आमच्या त्या एकेचाळीस नोंदींपैकी चाळीस परत आल्या त्या दिवाणजींच्या कच्च्या वहीमुळे. टॅली आल्यावरही त्यांनी ती सोडली नव्हती. पट्टी फाडली की वजन, भाव, हमाली, तोलाई वहीत पेन्सिलीने उतरवायची आणि मगच पडद्याकडे वळायचं. तीन रात्री आम्ही ती वही, पट्टीबुकाच्या स्थळप्रती आणि बँकेचं स्टेटमेंट मांडून बसलो. चाळीस नोंदी दुसऱ्या रात्रीच मिळाल्या. एकेचाळिसावी चौदा क्विंटल सोयाबीनची होती आणि तिची स्थळप्रत ओली होऊन वाचता येत नव्हती. तिसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी तो शेतकरीच पैशांसाठी आला. त्याने खिशातून घडी केलेली पट्टी काढली आणि दिवाणजींनी ती हातात न घेता, त्याच्या हातातूनच वाचत टॅलीत नोंद केली.