शेतातले तेल आणि विहिरीतले पाणी

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांतच खनिज तेलाची किंमत चौपट झाली. ज्यांच्या भूमीत तेल नाही अशा राष्ट्रांना परावलंबनाचा अर्थ तेव्हा खऱ्या अर्थाने उमगला. त्यांपैकी ब्राझीलने उसाच्या मद्यार्काचा जो मार्ग धरला, तोच आज भारताने स्वीकारला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये पाच टक्क्यांनी सुरू झाला. २०२२ मध्ये तो दहा टक्क्यांवर गेला आणि २०३० साठी ठरविलेले वीस टक्क्यांचे लक्ष्य २०२५ मध्येच गाठले गेले. सरकारी योजना मुदतीआधी पुरी होण्याचे प्रसंग या देशात विरळाच. त्यामुळे तिचे कौतुक होणे स्वाभाविक आहे. परंतु कौतुकाच्या भरात हिशेब राहून जाता कामा नये.

योजनेची बाजू लंगडी आहे असे कोणी म्हणू नये. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. परकी विहिरींकडे जाणाऱ्या पैशाचा काही अंश येथील शेतकऱ्याच्या हाती पडत असेल तर ते इष्टच होय. साखरेचा बाजार कोसळला की कारखान्यांच्या गोदामांत पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि चौदा दिवसांत मिळावयाचे उसाचे पैसे महिनोन्‌महिने थकतात, हा महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्यास वाव दिला आणि कारखान्यांना रोकड देणारे दुसरे गिऱ्हाईक मिळाले. हा लाभ लहान नव्हे.

स्वावलंबन किती?

परंतु तेलाच्या परावलंबनातून सुटका, हा जो मोठा दावा केला जातो, तो मात्र तपासून घ्यावा लागेल. देशात खपणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांत पेट्रोलचा वाटा सुमारे एक षष्ठांश आहे. मालमोटारी, एस.टी., ट्रॅक्टर धावतात ते डिझेलवर, आणि डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे. शिवाय एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलच्या दोन तृतीयांशच भरते. उष्मांकाच्या हिशेबाने पाहिले तर वीस टक्के मिश्रणाने देशाच्या एकूण तेलवापरापैकी वाचतो तो भाग अडीच टक्क्यांच्या आसपास. ही बचत टाकाऊ नाही; पण तिला स्वातंत्र्य म्हणणे अतिशयोक्तीचे आहे.

या बचतीची किंमत कोणत्या नाण्यात मोजली जाते, हा खरा प्रश्न आहे. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २८६० लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी पाठवावी लागली. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आयोगाचाच आकडा धरला तर तेवढ्या पाण्यात इथेनॉल निघाले असते ते अवघे पावणेदोनशे लिटर! राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्र उसाकडे, आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून कितीतरी अधिक वाटा त्याच्या मुळाशी, ही विषमता इथेनॉलने निर्माण केलेली नाही. मात्र तिला एक नवे आणि प्रतिष्ठित समर्थन त्याने मिळवून दिले आहे.

यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. ज्वारी, तूर, करडईला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदीदार मिळेलच याची हमी नसते. उसाला दरही ठरलेला आणि गिऱ्हाईकही ठरलेले. मग विहीर आटेपर्यंत तो ऊस लावील, नाहीतर काय करील?

धान्याची वाट

उसाचा पुरवठा बेभरवशाचा ठरतो तेव्हा सरकार धान्याकडे वळते. २०२३ मध्ये पाऊस ओढ देऊन गेला; डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधने आली आणि कर्ज काढून उभारलेले आसवनी प्रकल्प अडचणीत सापडले. त्या हंगामात धान्यापासूनचे इथेनॉल उसाच्या इथेनॉलपेक्षा अधिक भरले. मका उत्पादकाला बरा भाव मिळाला, तर कुक्कुटपालकाचे खाद्य महागले आणि मका निर्यात करणाऱ्या देशाला तो आयात करण्याची पाळी आली. तेलाची आयात कमी करण्यासाठी धान्याची आयात वाढवावयाची, हा व्यवहार फार काळ चालणारा नव्हे.

ब्राझीलचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९७५ मध्ये तेथील सरकारने मद्यार्काची राष्ट्रीय योजना हाती घेतली आणि पुढील दशकाच्या मध्यास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मद्यार्कावर चालू लागल्या. पुढे तेल स्वस्त झाले, साखरेला भाव आला, कारखानदार साखरेकडे वळले आणि १९८९ च्या सुमारास मोटारवाल्यांना इंधन मिळेना. विश्वास उडाला तो २००३ मध्ये दोन्ही इंधनांवर चालणारी मोटार येईपर्यंत पुरता परतला नाही. हेही विसरता येत नाही की तेथील बहुतांश ऊस पावसावर वाढतो. सोलापूर-मराठवाड्याच्या उसाला ते भाग्य नाही.

यावरून इथेनॉलच सोडून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. मर्यादा आणि क्रम तेवढे ठरवावे लागतील. साखर काढून उरलेल्या मळीचे इथेनॉल हा पहिला आणि निर्विवाद मार्ग. पानिपत येथे २०२२ पासून भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प उभा आहे. त्या दिशेने कापसाच्या पऱ्हाट्यांसारख्या अवशेषांचा विचार व्हावा. मात्र जनावरांचा कडबा आणि जमिनीत कुजवावयाचे पाचट त्यासाठी ओढून नेऊ नये. उसाला ठिबक सक्तीचे करावे, पाणी मोजून द्यावे आणि कडधान्ये-तेलबियांनाही उसासारखा खात्रीचा खरेदीदार उभा करावा. यांपैकी कोणतीही गोष्ट नवी नाही; अडते ते राजकीय धैर्याशी, कारण कारखाना आणि सत्ता यांचे नाते या राज्यात सर्वश्रुत आहे.

तेल महाग पडले तरी परदेशातून विकत मिळू शकते. आटलेल्या विहिरीतले पाणी कोणत्याही बंदरात उतरवून घेता येत नाही. इंधनाचे कोणतेही धोरण आखताना हा फरक सर्वप्रथम ध्यानात ठेवावा लागेल.